चोपन्न किलोच्या स्प्रिंगा

माझ्या नवऱ्याला लोक वजनमास्तर म्हणतात. शाळा त्याने दहावीला सोडली, त्यामुळे मास्तर ही पदवी फुकटची आहे, पण वजनाचं मात्र खरं आहे. तो मोटरसायकलींच्या पुढच्या शॉकअपची कामं करतो. खडकाळ वाटांवर चालवायच्या ज्या उंच गाड्या असतात ना, त्यांचे पुढचे दोन पाय उघडून आतल्या स्प्रिंगा, तेल, व्हॉल्व सगळं चालवणाऱ्याच्या मापाचं बसवून देतो. आणि माप म्हणजे आधी वजन. हलक्या माणसाला जाड स्प्रिंग दिली तर गाडी प्रत्येक दगडावरून उडते, जड माणसाला बारीक दिली तर ती खड्ड्यात तोंड खुपसते. एवढं मला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालंय. मी शिकवणी लावली नव्हती, जेवताना दुसरा विषयच नसतो.

तर हा कुणाला वजन विचारत नाही. गिऱ्हाईक गाडी लावून दुकानाच्या दारापर्यंत चालत येतं, तेवढ्यात हा हातातला पाना खाली न ठेवता आकडा सांगून मोकळा होतो. शेजारी धान्याचं दुकान आहे. तिथली मावशी सगळ्या गल्लीची मावशी, माझी सख्खी कुणी नाही, पण सासूची उणीव तिने कधी भासू दिली नाही. पोती तोलायचा मोठा काटा ती दारातच ठेवते. गिऱ्हाईक हसत काट्यावर चढतं, आकडा तोच निघतो, मावशी टाळी वाजवते आणि गिऱ्हाईक निमूट गाडी ठेवून जातं. एकजण खिशात नट-बोल्ट भरून आला होता, याला फसवायला. हा म्हणाला, अठ्ठ्याहत्तर, आणि खिशातलं लोखंड वेगळं. आमची लेक झाली तेव्हा नर्सने तिला काट्यावर ठेवायच्या आधीच याने वजन सांगितलं. नर्स इतकी चिडली की पुढचे दोन दिवस तिने आम्हाला गरम पाणी दिलं नाही.

आमची ओळखही अशीच झाली, आणि ती गोड झाली असं कुणी समजू नका. मी तेव्हा पाणीपुरवठ्यात नवी लागले होते. डोंगरावरच्या टाक्यांची फेरी करायची, पातळी बघायची, पाण्याचा नमुना घ्यायचा, व्हॉल्व उघडायचे-बंद करायचे, हे काम. त्या फेरीवर माझ्याआधी बाई कधी गेली नव्हती, आणि जाईल असं खात्याला वाटलंही नव्हतं. मी जुनी गाडी घेतली, तिच्या पुढच्या पायातून तेल गळायचं. कुणीतरी या दुकानाचा पत्ता दिला. मी गाडी लावली, दारापर्यंत गेले, आणि स्टुलावर बसलेला एक हडकुळा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "चोपन्न."

मी विचारलं, काय चोपन्न. तो म्हणाला, वजन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात चार-पाच पुरुष उभे. मी त्याला सांगितलं की मी गाडी दुरुस्त करायला आलेय, किलोवर विकायला आलेली नाही. अजून बरंच सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मावशी तिच्या दारातून म्हणाली की अगं, एकदा चढ काट्यावर आणि कर त्याचं तोंड बंद. मी तणतणत गेले आणि चढले. काट्याची सुई जरा डुलली आणि चोपन्नवर जाऊन बसली.

मी खाली उतरले आणि म्हटलं, "काटा बिघडलाय तुमचा."

तो अगदी शांतपणे म्हणाला, "काटा कधी बिघडत नसतो. माणूस बिघडतो."

असल्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही, असं मी ठरवलं. पण त्याने ते शॉकअप असे करून दिले की दुसऱ्या दिवशी मी डोंगरावर पोचले तेव्हा मला उतरावंसंच वाटेना. आभार मानायला गेले. मग तेल बघून घ्यायला गेले. मग तेलाला काहीही झालेलं नसताना गेले. वर्षाच्या आत लग्न झालं. मी त्याला अरे-तुरे करते, काही बायकांना ते खटकतं. खटकू दे.

मधली वर्षं सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांची जातात तशी गेली. लेक मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. हडकुळा माणूस भरला. ती जुनी गाडी गेली, नंतर आम्ही दोघांनी एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्या घेतल्या, त्याची काळी, माझी निळी. त्याने स्वतःच्या गाडीचे शॉकअप घेतल्या महिन्यातच उघडून मनासारखे करून घेतले. माझे राहिले. आज करतो, उद्या करतो. सुताराच्या घरातली खुर्ची कायम डुगडुगते, त्यातली गत. मीही मागे लागले नाही, कारण दुकानात आधीच लोकांच्या गाड्यांची रांग असायची आणि मला सवय झाली होती.

सवय झाली, पण मनगटांना नाही झाली. कारखान्यातून आलेल्या त्या स्प्रिंगा बसून बसून थकल्या होत्या. आतलं तेल काळं पडलेलं. लहान खड्यांवरून गाडी चालली की हँडल हातात नुसतं गुणगुणत राहायचं आणि मोठा दगड आला की दणका थेट कोपरापर्यंत. संध्याकाळी बरणीचं झाकण उघडेना. सकाळी ब्रश धरताना बोटं वळेनात. डॉक्टरांनी हात दाबून बघितले आणि विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. ते म्हणाले, वय काय. तेही सांगितलं. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

आता या सगळ्यात खरं दुखणं काय ते सांगते. वरच्या टाकीवर गेल्यावर पाण्याचा नमुना घ्यायचा असतो. लहानशी काचेची बाटली, मानेजवळ रेघ, त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, कमी नाही आणि जास्त नाही. बाटलीत आधीच औषध असतं, पाणी सांडलं तर तेही वाहून जातं आणि नमुना फुकट. वर्षानुवर्षं मी ते गप्पा मारत करत आले. अलीकडे गाडीवरून उतरलं की हात थरथरायचा. पाणी बाटलीत कमी आणि बाहीवर जास्त. दुसऱ्या, तिसऱ्या बाटलीत जमायचं. आणि एके दिवशी नेमक्या आमच्या मॅडम मागच्या लांबच्या रस्त्याने जीप घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी ते बघितलं.

मॅडम वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्या चांगल्या आहेत. माझा हात हातात घेतला, म्हणाल्या की आता पुरे झालं हो, तक्रार खिडकीवर जागा रिकामी आहे, सावली आहे, पंखा आहे. मी म्हटलं, मला संधी द्या. त्यांनी विचार करून सांगितलं की पुढच्या महिन्यात त्या परत वर येतील, मी नेहमीच्या वाटेने गाडीने यायचं आणि उतरल्याबरोबर पहिली बाटली त्यांच्यासमोर भरायची. भरली तर डोंगर माझा. नाही तर खिडकी.

तक्रार खिडकी म्हणजे नळाला पाणी आलं नाही म्हणून ओरडायला येणाऱ्यांची खिडकी. माझं तोंड बघता मला तिथे बसवणं म्हणजे लोकांच्या आणि खात्याच्या, दोघांच्याही जिवावर उठणं होतं. पण ते जाऊ द्या. मला डोंगर सोडवत नव्हता, ही सरळ गोष्ट आहे. वर टाकीचं गोल झाकण उचललं की आत थंडगार काळोख असतो आणि पाणी पडल्याचा आवाज येतो. खाली सगळं शहर आंघोळ करतं, चहा टाकतं, फरश्या पुसतं, ते पाणी आधी माझ्या डोळ्यांखालून जातं. हे कुणाला माहीत नाही आणि असायची गरजही नाही, पण मला माहीत असतं. ते गेलं असतं तर मी कोण राहिले असते, याचं उत्तर मला सापडत नव्हतं.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हं. एवढंच, हं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. जगाचे शॉकअप करतोस, म्हटलं, लांबलांबून लोक येतात तुझ्याकडे, आणि बायकोची गाडी दारात उभी राहून म्हातारी झाली. त्याने ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं आणि झोपायला गेला. तुम्ही म्हणाल, बिचारा. मीही नंतर तेच म्हटलं, पण त्या दिवशी नाही.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं, म्हणून मी रजा टाकून तिच्याकडे गेले. हातांनाही विश्रांती हवीच होती. परत आले ती मॅडमच्या परीक्षेच्या दोन दिवस आधी. बघते तर निळी गाडी दुकानासमोर धुऊन-पुसून उभी. पुढचे दोन्ही पाय लखलखीत, तेल अडवणारे सील नवे, कुठे तेलाचा ठिपका नाही. आणि हा बाजूला उभा, हात मागे बांधून, निकाल ऐकायला आल्यासारखा. मी गेल्या गेल्या त्याने काम काढलं होतं आणि फोनवर रोज बोलूनही ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या दिवशी तो जेवढा बोलला तेवढा महिन्यात बोलत नाही. जुन्या स्प्रिंगा काढल्या तर नव्यापेक्षा बोटभर आखूड भरल्या. नव्या बाहेरून मागवल्या, खास वजन सांगून बनवून घेतल्या. आत नळीच्या तोंडावर एक छोटा व्हॉल्व बसवला. त्याने काय होतं, तर गाडी हळू दबली की तेल हळू जातं आणि अचानक दगड आला की झटकन वाट मोकळी होते, म्हणजे दणका हातात येण्याआधी तेलातच जिरतो. तेल त्याने दोन्ही पायांत सारखं, पट्टी लावून मोजून भरलं होतं. सांगताना तो लहान मुलासारखा हातवारे करत होता. मला त्याची इतकी माया आली की मी भर गल्लीत त्याचा गाल ओढला. मावशीने तोंड फिरवलं आणि तांदूळ मापू लागली.

आम्ही दोघं लगेच डोंगराच्या पायथ्याशी गेलो, तो काळ्या गाडीवर, मी निळ्या. पायथ्याला बारीक खड्यांची लांब पट्टी आहे. काय सांगू तुम्हाला, हँडल हातात आहे हेच मी विसरले. खडे चाकाखाली वाजत होते, पण हातापर्यंत एकही येत नव्हता. मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं गात होते आणि माझं गाणं ऐकून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. चढ गेला. घळ गेली. मग उतारावरच्या पायऱ्या आल्या. कुणी बांधलेल्या नाहीत, खडकाचेच टप्पे आहेत, एकाखाली एक. पहिल्या टप्प्यावरून चाक खाली गेलं, शॉकअप दबले, दबले, आणि दबतच गेले. तळाशी लोखंडावर लोखंड आदळलं. दणका मनगटातून थेट दाढेपर्यंत. दुसऱ्या टप्प्यावर तेच. तिसऱ्यावर मी गाडी थांबवली आणि उतरले, कारण हात हँडलवर राहीना.

मी जे बोलले ते बोलायला नको होतं असं आता वाटतं, पण परवा परीक्षा होती. मी म्हटलं, यापेक्षा जुने बरे होते, ते निदान आधीपासून सांगून मारायचे. म्हटलं, जगाचं बरोबर करतोस आणि माझंच कसं चुकतं. तो गाडीपाशी वाकून बसला होता. त्याचा चेहरा उतरला, तो मला बघवेना, म्हणून मी अजून जोरात बोलले. परतताना निम्मी वाट मी गाडी ढकलत चालतच उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानाच्या दारावर बंदची पाटी लावली आणि दोन्ही पाय उघडले. तेल काढून मोजलं. बरोबर. सील बघितले. कोरडे. व्हॉल्व काढून दिव्यापुढे धरला, फुंकला, परत बसवला. स्प्रिंग वाकडी आहे का ते काचेवर गडगडवून बघितलं. सरळ. सगळं पुन्हा जोडलं आणि हँडल दाबलं, तर तो स्वतः मान हलवायला लागला, की दबतंय तर झकास. पुन्हा उघडलं. मी मागच्या पायरीवर गरम पाण्यात हात बुडवून बसले होते आणि एक शब्द बोलत नव्हते, जे त्याला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं. दुपार झाली तरी तो जेवला नाही. नाकी नऊ आले होते त्याच्या. गडबड कुठे आहे हे कळत नाही, असं त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

मावशी चहा घेऊन आली. तिला गाडीतलं काही कळत नाही, पण आमच्या दोघांतलं सगळं कळतं. कप ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, "वजन किती धरलंस रे?"

याने मान वर न करता, बोटांवरचं तेल पुसत सांगितलं, "चोपन्न."

मावशी म्हणाली, "कुणाचं?"

"हिचं. आणखी कुणाचं?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्याकडे बघितलं. मी पायरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसलेली होते. हसू आधी मावशीला फुटलं. तिला भिंत धरावी लागली. मला आधी कळेचना की चिडायचं की काय करायचं, आणि मग मलाही आवरेना, पाण्याचं भांडं कलंडलं, दुकानभर पाणी झालं. आणि हा आमच्याकडे आळीपाळीने बघतोय, हातात स्प्रिंग, चेहऱ्यावर अजिबात काही नाही. तो थट्टा करत नव्हता. गल्लीतल्या प्रत्येकाला तो बघून तोलतो. मला त्याने एकदाच तोललं होतं, त्या दिवशी स्टुलावरून, आणि परत तोलायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

मी उठले, ओल्या पायांनी शेजारी गेले आणि काट्यावर चढले. काही वर्षांपासून मी त्या काट्याच्या बाजूने जातानासुद्धा अंतर ठेवून जाते, पण आज चढले. सुई चोपन्नजवळ थांबलीसुद्धा नाही. एकाहत्तरवर गेली आणि तिथेच राहिली.

त्याने वाकून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. मग म्हणाला, "मावशी, काटा बिघडलाय."

वाट बघत होते मी या वाक्याची, किती वर्षं, हे मला तेव्हाच कळलं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "काटा कधी बिघडत नसतो."

पुढचं मी म्हटलं नाही. त्याने मला उतरवलं आणि स्वतः चढला, खात्री करायला. बहात्तर. स्वतःचं वजन त्याला अचूक माहीत होतं, ते जुळलं, म्हणजे काटा ठीक होता. तो मावशीच्या गव्हाच्या पोत्यावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, पायापासून डोक्यापर्यंत, अगदी सावकाश, जसा तो कधीच कुणाकडे बघत नाही, कारण त्याला तेवढा वेळ लागत नाही. मी म्हटलं, डोळे फाडून काय बघतोस, एका रात्रीत नाही झाले अशी. मावशी म्हणाली, दिव्याखाली अंधार असतो तो हा असा. पण ते ती प्रेमानं म्हणाली.

हसणं संपलं तसं घड्याळाकडे लक्ष गेलं. परीक्षा उद्या. जाड स्प्रिंगा मागवायच्या तर आठवडा तरी जाणार. त्याने एक उपाय बोलून दाखवला, स्प्रिंगच्या डोक्यावर नळीचा लांब तुकडा ठेवायचा आणि तेल थोडं वाढवायचं. मग स्वतःच नको म्हणाला. तेवढ्याने गाडी तळाला आपटायची थांबेल कदाचित, पण खड्यांवर हात पुन्हा गुणगुणतील, आणि बाटली भरायचीय ती हातांनीच. तो दुकानात येरझाऱ्या घालत होता. मीच बोलले. कोपऱ्यात त्याची काळी गाडी उभी होती. मी विचारलं, हिच्यात कुठल्या आहेत रे? तो थबकला. कपाळाला हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकाच बनावटीची गाडी, त्यात त्याने स्वतःच्या वजनाला बेतून बसवलेल्या स्प्रिंगा, आणि आमच्या दोघांत फरक उरला होता तो एका किलोचा.

मावशी म्हणाली, याला म्हणतात संसार. मी म्हटलं, मावशी, तुम्ही गहू मापा.

संध्याकाळच्या आत त्याने काळ्या गाडीतल्या स्प्रिंगा निळीत घातल्या. काळी रिकामी कशी ठेवायची, म्हणून चोपन्नवाल्या तिच्यात घातल्या. मी हाताची घडी घालून शेजारी उभी होते आणि पहिल्यांदाच, सगळ्या संसारात पहिल्यांदाच, ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. नळीत तेल ओतून तो दांडा हळूहळू वर-खाली करत होता, आतली हवा निघून जावी म्हणून, आणि कान लावून बुडबुडे ऐकत होता. घाई नाही, चिडचिड नाही. मला सकाळचं माझं न बोलणं आठवून लाज वाटली, आणि मी त्याला भरवून जेवू घातलं, कारण त्याचे हात तेलाचे होते.

परीक्षेच्या सकाळी मी त्याला येऊ नको म्हटलं. तो म्हणाला, मेकॅनिक म्हणून येतो. मग निघालो. खड्यांच्या पट्टीवर माझे हात शांत. घळीत चाक एका बाजूला सरकलं आणि शॉकअपनी ते स्वतःच परत आणलं, मला काही करावंच लागलं नाही. वर टाकीकडे जाताना मधे त्या पायऱ्या उतरून पुन्हा चढावं लागतं. पहिल्या टप्प्यावर मी दात आवळले. चाक खाली गेलं, शॉकअप दबले आणि तळाच्या जरा अलीकडे, उशीवर डोकं टेकावं तसे थांबले. दणका नाही. दुसरा टप्पा. नाही. तिसऱ्याला मी दात सोडले आणि गायला लागले.

मागून मात्र धाड, धाड असा आवाज येत होता. वर पोचून वळून बघितलं तर बहात्तर किलोचा माझा नवरा चोपन्न किलोच्या स्प्रिंगांवर येत होता. प्रत्येक टप्प्यावर काळी गाडी नाक जमिनीला लावायची, मागून हा उचलला जायचा, परत बसायचा. वाकून नमस्कार करत करत आला बिचारा. मॅडम टाकीपाशी बाटल्यांची पेटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं की तुमच्या मिस्टरांच्या गाडीला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, त्यांच्या गाडीला माझं तरुणपण झेपत नाहीये. त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

मग त्यांनी पहिली बाटली माझ्या हातात दिली. मी हातमोजे काढले. झाकण फिरवलं. नळ सोडला. मला माझे हात परक्याचे असल्यासारखे दिसत होते, आणि मी मनात त्यांना म्हणत होते, बाबांनो, आज नाही. पाणी बाटलीत चढत गेलं. रेघेजवळ आलं. रेघेला लागलं. मी नळ बंद केला, झाकण लावलं आणि बाटली मॅडमच्या पुढे धरली. बाहीवर एक थेंब नव्हता. मॅडमनी बाटली डोळ्यांसमोर धरली, मग पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "खिडकीसाठी दुसरं कुणीतरी शोधते मी."

माझा जीव भांड्यात पडला. नवरा लांब उभा राहून मनगट चोळत होता. मी जाऊन त्याचं मनगट चोळून दिलं. बराच वेळ आम्ही तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसलो, खाली शहर होतं. इतका आनंद मला लेक पास झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर आता.

काळ्या गाडीसाठी नव्या स्प्रिंगा आल्या त्या दिवशी मला वाटलं विषय संपला. पण त्याने मला दुकानात बोलावलं. पूर्ण तयारीनिशी ये, म्हणाला, बूट, हेल्मेट, बाटल्यांची पिशवी, सगळं. गाडीवर बस. मी बसले. त्याने पुढच्या पायाला प्लॅस्टिकची बारीक पट्टी बांधली, जमिनीवर गुडघे टेकले आणि टेप काढला. माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं असतं. बाकी सगळे मेकॅनिक तसंच करतात, याला कधी लागलं नव्हतं. दारात दोन गिऱ्हाईकं आणि मावशी बघत उभी, वजनमास्तर टेप लावतोय म्हणजे काय झालं म्हणून.

मी वरून त्याच्याकडे बघत होते. डोक्यावरचे केस विरळ झालेले, कानामागे पेन्सिल. मी हळूच विचारलं, "आणि ती चोपन्न किलोवाली कुठं गेली रे?"

त्याने टेपवरची नजर काढली नाही. "जाईल कुठं? तीच बसलीय की वर."

गल्लीसमोर रडायची सोय नव्हती, म्हणून मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि त्याला म्हटलं, टेप नीट धर, वाकडा धरलायस.